काकांच्या कानशी आणि जिल्ह्याची पाटी

लातूर, नांदेड आणि या दोन गावांच्या मधे एसटीत उभ्याने प्रवास करणाऱ्या तमाम सज्जनांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, चांगली कानस नुसत्या नजरेने ओळखणारा माणूस या पृथ्वीतलावर होऊन गेला, तो लातूरच्या बाजारात लोखंडी सामानाचं दुकान चालवत होता, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. ज्यांना कानस म्हणजे काय हे ठाऊक नसेल त्यांनी लाजू नये. पोलादाची दातेरी पट्टी असते, लोखंड किंवा पितळ घासून आकाराला आणायची. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कृपया उभे राहावे. हे निवेदन खरं तर मावशीच्या नवऱ्याच्या हयातीतच निघायला हवं होतं. पण ते स्वतःच रोज दुकानाच्या पायरीवरून काढत असत, त्यामुळे दुसऱ्या कुणाला संधी मिळाली नाही.

मी त्यांना काका म्हणत असे. त्या दिवसांत मी पंचविशीत होतो, अंगात आयटीआयची फिटरकी होती आणि हातपंप दुरुस्तीच्या गाडीवर मला लातुरात नोकरी लागली होती. राहायला अर्थातच मावशीकडे. जिल्हा नवा होता, कचेऱ्यांच्या भिंतींचा चुना अजून अंगाला लागायचा. पाऊस मात्र जुन्याच खोडीचा. औशाच्या, निलंग्याच्या रस्त्याने गाडी निघाली की हापश्याभोवती घागरींची रांग दिसायची, आणि बायका आमच्या गाडीकडे असं बघायच्या की जणू आम्हीच जमिनीतलं पाणी पिशवीत घालून पळालो होतो. मावशीच्या घरी तर पाण्याचं राज्य होतं आणि ती त्याची कलेक्टर. तोंड धुतलेलं पाणी बादलीत, बादलीतलं मोरीला, मोरीतलं तुळशीला. ती निलंग्याची, माझ्या आईची धाकटी बहीण. चिडली की कानडीत शिरायची. "नीर इल्ला!" म्हणजे पाणी नाही, एवढं म्हटलं की घरातल्या कुणाचीही तांब्या उचलायची हिंमत होत नसे.

आता पाटीबद्दल. लातूर जिल्हा झाल्याची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी काकांनी पेंटर बोलावला. दुकानाच्या पाटीवर तोवर पत्ता असायचा 'ता. लातूर, जि. उस्मानाबाद'. काकांनी तो पुसायला लावला आणि लिहायला सांगितलं, 'मु. पो. ता. जि. लातूर'. त्यातला 'जि.' एवढा मोठा की रस्त्यापलीकडच्या पानवाल्याला चष्म्याशिवाय वाचता यावा. पेंटरने विचारलं, "आणि शेठ, दुकानाचं नाव कुठं लिहू?"

"उरलेल्या जागेत," काका म्हणाले.

लोक हसले. पण मी काकांना एकदा, गिऱ्हाईक नसताना, पायरीवरून मान वर करून ती अक्षरं वाचताना पाहिलं आहे. म्हणाले, "पोरा, जन्म या गावात गेला. पण कागदावर गावाचं नाव लिहिलं की त्याच्या खाली दुसऱ्या गावाचं नाव लिहावं लागायचं. आता न्हाई लागत." आणि लगेच घसा खाकरून खिळे तोलायला लागले.

तर त्या पाटीसमोर एका श्रावणी सोमवारी माझे वडील येऊन उभे राहिले. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. नांदेडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते हेडमिस्त्री होते. हात असा की कानशीने घासलेल्या लोखंडात बघून माणसाने भांग पाडावा. शिवाय अस्सल नांदेडकर. नांदेड निजामाच्या राज्यापासून जिल्हा आहे, ही गोष्ट ते ज्या सुरात सांगत त्यावरून वाटावं की तो त्यांनीच बसवला होता. अप्पा आणि काका साडू. आणि साडूंचं नातं आपल्याकडे कसं असतं ते मी सांगायला नको. दोघांनाही एकाच सासऱ्याने फसवलेलं असतं, पण प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याला कमी फसवलं.

"साडू, हे काय म्हनावं?" अप्पांनी वर बोट दाखवलं.

"पाटी."

"ते दिसून राहिलं. जिल्हा कुठाय?"

"पायाखाली हाय की. उभे हाव त्याच्यावर."

"असं व्हय. म्या म्हनलं धूळ हाय."

रात्री उपास सोडायला दोघं समोरासमोर बसले. मावशीने भाकरी वाढली, वर शेंगदाण्याची चटणी. अप्पांनी पहिला घास घेतला आणि तोफ डागली. "पाटी रंगवून जिल्हा होत न्हाई. आमच्याकडं मानसं हातानं काही बनवतात. तुमच्या हितं कानस इकत्यात. चालवतं कोन?"

"तुमचाच पोरगा चालवतो," काका म्हणाले, आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझा घास परत ताटात आला.

तिथून पुढे काय झालं ते मला अजून नीट उलगडत नाही. आवाज चढत गेले, मावशी "शेजारी ऐकायलेत" म्हणत राहिली, आणि ताक येईपर्यंत पैज ठरून गेली. ती अशी. काकांनी पितळेचा हापसा करून दाखवायचा, हातभर उंचीचा, खऱ्या हापश्याची हुबेहूब नक्कल. नुसता शोभेचा नाही, पाणी खेचणारा. नळी तयार घेतली तर चालेल. बाकी लेथ नाही, मशीन नाही, सगळं हाताने, कानशीने. कानशी काकांनी निवडायच्या, घासायचं मी. दसऱ्याला बाजार आपट्याची पानं द्यायला दुकानापुढे येतो, तेव्हा सगळ्यांसमोर तो चालवायचा. पाणी आलं नाही तर काकांनी स्वतः शिडीवर चढून पाटी उतरवायची आणि 'जि.' वर चुना फासायचा.

"आणि आलं तर?" काकांनी विचारलं.

"तर मी भर बाजारात म्हनंन की लातूर जिल्हा हाय."

"म्हना मग आत्ताच, सवय व्हईल."

"मरस्तोवर न्हाई," अप्पा म्हणाले आणि ताकाची वाटी एका दमात संपवली.

दुसऱ्या दिवशी अप्पा नांदेडला गेले आणि काका कामाला लागले. म्हणजे कानशी निवडायला बसले. हा सोहळा मी आधीही पाहिला होता, पण त्या वेळचा प्रयोग काही और होता. हैदराबादेहून मालाची लाकडी पेटी आली होती. काकांनी ती सकाळच्या उन्हात पायरीवर घेतली, धोतराचा काचा घट्ट केला, कपाळावरचे विभूतीचे पट्टे नीट आहेत ना ते शोकेसच्या काचेत बघितलं आणि बाजूच्या दुकानदारांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चला, कोन पास, कोन नापास!"

तेलकट कागदातून एकेक कानस निघे. आधी ती बंदुकीसारखी डोळ्याला लावून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघायची. भट्टीतली लाल कानस कडक करायला पाण्यात बुडवतात तेव्हा ती वाकते, आणि वाकडी कानस सरळ काम कधी देत नाही. मग तीच शोकेसच्या काचेवर पालथी ठेवून बोटाने एक टोक दाबायचं. दुसरं टोक हललं की काका डोळे मिटत, जणू कुणाच्या घरची वाईट बातमी कानावर आली. मग ऊन. कानस तिरपी धरून दात्यांवर ऊन घ्यायचं. नव्या दात्याच्या टोकाला धार असते, ती उजेड गिळते. टोकं चमचम करायला लागली की समजायचं, दाते बोथट आहेत. "चकाकली!" काका ओरडत. "चकाकली की गेली. नवरदेव चकाकावा, कानस न्हाई."

सगळ्यात देखणी परीक्षा दोऱ्याची. मुठीत जाणारं शेपूट दोऱ्याला बांधून कानस हवेत लोंबती धरायची आणि कुलपाच्या पितळी किल्लीने हळूच टिचकी मारायची. धड असली तर लांब, बारीक, गोड नाद निघतो आणि हवेत रेंगाळतो. आत कुठे चीर असली तर 'खट्' एवढंच. काका त्या नादाला मान डोलवत, आणि समोरून जाणारा एखादा हमाल पाठीवर पोतं घेऊन थबकत असे. एकदा उदगीरचा एक सोनार तिथे उभा होता. त्याने काकांच्या हातातली तिकोनी बारीक कानस मागितली.

"कशाला पायजे?" काका.

"तिजोरीची किल्ली अडकायली, जरा घासतो."

"लोखंडाची किल्ली?"

"हाव."

"न्हाई मिळत."

"अवं, दुकान हाय का मंदिर?"

"हे बघा," काका म्हणाले, "नवी कानस आधी पितळेला, चांदीला लावायची. धार जरा उतरली की मग लोखंडाला द्यायची. एकदा लोखंडाला लावली की पितळेवर ती नुसती घसरती. ही पोरगी आत्ताच माहेरहून आलीय आन् तुमी तिला थेट उसाच्या फडावर धाडताय. किल्लीसाठी ही घ्या, नापास हाय, पण तेवढं करंल." आणि खरंच नापासांच्या खोक्यातली एक काढून, नापास का ते सांगून त्याला दिली. सोनार हसत गेला आणि पुढच्या खेपेला चांदीसाठी कानस न्यायला परत आला. माल विकण्यापेक्षा त्याची अब्रू राखण्यात काकांना जास्त गोडी होती. मी पुढे मोठमोठ्या कारखान्यांतून फिरलो, पण एखाद्या वस्तूवर इतकं प्रेम करणारा विक्रेता मला पुन्हा भेटला नाही.

दुपारपर्यंत अख्ख्या पेटीतून मूठभर कानशी पास झाल्या. चपटी जाड दात्यांची, चपटी बारीक दात्यांची, एक अर्धगोल, एक गोल उंदराच्या शेपटीएवढी आणि सोनारी कामाच्या काही बारीक. काकांनी प्रत्येकीच्या शेपटाला लाल दोरा बांधला आणि मला म्हणाले, "ह्या फकस्त पितळेला. लोखंड दिसलं की हात मागं. आन् धक्का पुढं जाताना द्यायचा, मागं येताना उचलायची."

"काका, मी फिटर आहे."

"म्हनून तर सांगायलो."

काम सुरू झालं. गाडीवरून परत आलो की मागच्या पडवीत पितळ पकडायला व्हाइस लावायचा आणि घासायला बसायचं. मी खोटं सांगणार नाही, त्या कानशींनी मला बिघडवलं. जाड दात्यांची पितळावरून गेली की पिवळा भुगा खाली पडे आणि हाताला वाटे की पितळच बाजूला सरकतंय. हापश्याची दांडी झाली, ती झुलायला दोन फाट्यांचं दुबेळकं झालं, तोटी झाली, उभं राहायला तीन पायांचं घोडं झालं. काका रोज येऊन बघत आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवत. "हात पोराचा, कानस माझी," असं म्हणत. आणि थोड्या वेळाने फक्त "कानस माझी" एवढंच.

अडलं ते झडपेवर. हापसा पाणी ओढतो तो दट्ट्याने, पण ओढलेलं पाणी धरून ठेवते ती तळाची झडप. पितळेची एक चकती, ती तिच्या बैठकीवर इतकी सपाट बसायला हवी की मधून हवासुद्धा जाऊ नये. आणि माझ्या चकतीवर दर वेळी एक ओरखडा पडायचा. का, ते मला ठाऊक होतं. पितळेचा बारीक कण दात्यांमधे अडकून बसतो आणि पुढच्या घासणीला तोच नांगर होऊन रेघ ओढतो. त्यावर उपायही ठाऊक होता. दात्यांमधे खडू चोळून ठेवायचा, मग कण चिकटत नाहीत. कुठल्याही वर्कशॉपमधे बाकावर खडूचा तुकडा असतो.

"खडू?" काका म्हणाले. "माझ्या कानशीला?"

"काका, सगळे लावतात."

"नापास कानशीला लावत असतील. तोंड लपवायला. तुझ्या अप्पाला कळलं की काकाच्या कानशीला पावडर लागते, तर तो नांदेडपातूर हसत जाईल. चांगल्या कानशीला खडू लागत न्हाई. घास तू."

मी घासलं. ब्रशने दाते साफ करायचे, घासायचं, पुन्हा साफ करायचे. पुन्हा ओरखडा. हापसा जोडून मावशीकडून पाण्याचा तांब्या मागून आणला. ती तांब्याबरोबर स्वतः आली आणि उभी राहिली. मी दांडी मारली. हापश्याने दोन उचक्या दिल्या आणि आतून दम्याच्या म्हाताऱ्यासारखा श्वास सोडला. पाणी जिथल्या तिथे. मावशीने तांब्या उचलला, आत बघितलं, आहे तेवढं आहे याची खात्री केली आणि निघून गेली. जाता जाता म्हणाली, "पैज लावणारे दोघं, आन् पाणी माझं."

असे दिवस गेले. मी खडू म्हणायचो, काका अब्रू म्हणायचे. शेवटी नवरात्र संपत आलं आणि एका सकाळी काका अचानक उदार झाले. "आज सुट्टी टाक," म्हणाले. "आज दिवसभर घास. उद्या दसरा." मी व्हाइसपाशी बसलो, बारीक दात्यांची कानस उचलली, आणि मावशीने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"काय झालं?"

"आज खंडेनवमी हाय."

मी काकांकडे बघितलं, काका मावशीकडे. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. घरात विळीसुद्धा चालत नाही, भाजी आदल्या दिवशीची. लातुरातलं लहान मूल हे सांगेल. काका स्वतः दर वर्षी दुकानातल्या सगळ्या हत्यारांवर फुलं वाहायचे. आणि त्या दोघा शहाण्या साडूंनी पैज ठरवताना दसरा मोजला, आदला दिवस मोजलाच नाही.

"एकच चकती हाय," काका म्हणाले. आवाज खाली आला होता. "देवाला सांगून..."

"देवाला काय सांगणार? साडूनं चिडवलं म्हणून?"

काका उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने मी दुकानाच्या पुढे आलो तर ते रस्त्यापलीकडे, पानवाल्याजवळ उभे होते आणि पाटीकडे बघत होते. अप्पा ज्या जागी श्रावणात उभे होते तिथेच. पानवाला काहीतरी म्हणाला, पण ते हसले नाहीत. काका पानवाल्याच्या विनोदाला हसले नाहीत असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की शिडीवर चढायला ते घाबरत नव्हते. चुन्याचा कुंचला हातात धरायला घाबरत होते.

इकडे घरात पूजेची तयारी. शेजारपाजारी सगळीकडे हत्यारं धुवायचं चाललं होतं, विळे, कुऱ्हाडी, नटाचे पाने, सगळ्यांना अंघोळी. मी कानशी घेऊन मोरीकडे निघालो तशी मावशी आडवी आली.

"कुठं?"

"धुवायला."

"नीर इल्ला! माणसं न्हाऊन किती दिवस झाले, आन् कानशीला अंघोळ? ठेव पाटावर. देव कोरडीच घेईल."

पाटावर कोऱ्या कापडावर लाल दोऱ्याच्या कानशी ओळीने झोपवल्या. मावशीने झेंडूचं फूल ठेवलं. कुंकू मात्र लावलं नाही, म्हणाली ओलं हाय, दात्यांना गंज धरंल. आम्ही लिंगायत, आमच्याकडे विभूतीला मान. गाईच्या शेणाची राख भाजून, गाळून केलेले पांढरेशुभ्र गोळे असतात. रोज सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाली की कपाळाला ओढायचे. मावशीने देवघरातला एक गोळा घेतला. रीत अशी की तीन बोटांनी तीन पट्टे. तिने मात्र गोळाच कानशीवर धरला आणि मुठीपासून टोकापर्यंत दाबून चोळला. मग उलटी केली आणि तसाच चोळला. चपटी, अर्धगोल, बारीक, कुणाला सोडलं नाही. दात्यांच्या फटी भरून पांढऱ्या झाल्या. तळहाताने जास्तीची राख झटकली आणि हात जोडले.

काका दारात उभे होते. "एवढी?" म्हणाले.

"दुष्काळात पाण्याला मोजमाप, विभूतीला न्हाई," मावशी म्हणाली. तिचा चेहरा इतका भाविक होता की मला पुढे कित्येक वर्षं शंका राहिली. आता शंका नाही. महिनाभर पडवीत खडूवरून आमचं भांडण चाललं होतं आणि ती पलीकडे चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरवली. मी बारीक दात्यांची कानस घेतली आणि सवयीने ब्रश उचलला.

"पुसायचं न्हाई," मावशी म्हणाली.

"पण काका..."

"देवाचं लावलंय. खडू थोडाच हाय?"

काकांनी तोंड उघडलं, मिटलं, कपाळावरच्या आपल्या पट्ट्यांना बोट लावलं आणि आकाशाकडे बघायला लागले.

मी कानस चकतीवर आडवी धरली आणि हलक्या हाताने ओढली. आधी ती कुरकुरायची, आता नुसती सरसर आली, रेशमी पदर दारातून जावा तशी. चकतीवर धुरकट पांढरी पूड, तिच्यात सोन्यासारखे कण, आणि खाली एकसारखा मऊ पिवळा रंग. ओरखडा नाही. पुन्हा ओढली. नाही. मावशीच्या चिमणीवरचं काजळ बैठकीला लावून मी चकती ठेवून फिरवली आणि उचलून पालथी केली. काजळाचं कडं पूर्ण उमटलं होतं, कुठेही तुटलेलं नाही, म्हणजे चकती सगळीकडून बसत होती. काकांनी ती चकती हातात घेतली आणि कितीतरी वेळ उजेडाकडे धरली. "कानस," ते म्हणाले, आणि 'माझी' हा पुढचा शब्द गिळला. त्यांनी मावशीकडे बघितलं. मावशी भाकरी थापत होती.

अप्पा नांदेडच्या पहिल्या एसटीने आले. आल्या आल्या त्यांनी शेजारच्या रंगवाल्याकडून शिडी मागून आणली आणि पाटीला टेकवून ठेवली, चुन्याची बादलीही. मग पडवीत आले. हापश्याकडे बघितलंच नाही, सरळ कानशी उचलल्या. एकेक डोळ्याला लावून बघितली. उन्हात तिरपी केली. मग अंगठ्याच्या नखाने चपट्या कानशीला टिचकी मारली आणि ऐकलं. पुन्हा मारली. एवढ्या वर्षांचा मिस्त्री, चांगल्या हत्याराच्या नादाला त्याला पाठ फिरवता येईना. मग त्यांचं बोट दात्यांवरून फिरलं आणि पांढरं झालं. ते मावशीकडे वळले.

"हे काय, खडू का?"

"विभूती, दाजी. काल खंडेनवमी झाली."

अप्पांनी बोट कपाळाला लावलं. दुसरं काय करणार? पण जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "तुझी मावशी जिनिंगला पायजे होती. मी मुकादम केलं असतं तिला."

दुपारी बाजार जमला. आपट्याची पानं, गळाभेटी, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," आणि सगळ्यांची नजर स्टुलावरच्या पितळी हापश्याकडे. स्टुलाला मधे भोक होतं, त्यातून नळी खालच्या घागरीत. घागर मावशीची, पिण्याच्या पाण्याची, आणि ती स्वतः घागरीशेजारी पहाऱ्याला. पानवाला आला, रंगवाला आला, आमच्या हापश्याच्या गाडीवरचे दोघे आले, शिडीकडे बघून एकमेकांना कोपर मारत.

काकांनी दोन्ही हात वर केले. "मंडळी! आज या ठिकाणी..."

"भाषण मग," अप्पा म्हणाले. "आधी पानी."

मी दांडी धरली. पहिला दाब. आत काहीतरी गुळुक् झालं आणि गप्प. कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसरा दाब. दांडी जरा जड लागली, आणि माझ्या हाताला कळलं की झडपेने पाणी धरलंय. अप्पा शिडीकडे सरकले होते. काकांचे हात अजून वरच होते, खाली घ्यायचं त्यांना सुचलं नव्हतं. तिसरा दाब.

तोटीच्या तोंडाशी एक थेंब आला, थरथरला, आणि मग धार सुटली. बोटाएवढी, सरळ, चकाकती. ती तोटीतून निघाली आणि बाजाराच्या धुळीत पडली आणि धुळीने ती गिळली. मी दाबत राहिलो. लोक ओरडायला लागले, आमच्या गाडीवरच्या एकाने टोपी उडवली, काका दोन्ही हात वर ठेवूनच गोल फिरून सगळ्या दुकानांना नमस्कार करायला लागले. महिनाभर आम्ही त्या पाण्याचा विचार केला, ते कसं वर येईल याचा. ते कुठे पडेल याचा विचार कुणीच केला नव्हता. तोटीखाली भांडंच नव्हतं. मावशीचा हात तोंडावर गेला, ती कानडीत काहीतरी म्हणणार तोच शिडीपासून अप्पा धावले, चुन्याची बादली पायाने लवंडली, तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही, आणि भर बाजारात, नांदेडच्या त्या हेडमिस्त्र्याच्या तोंडून निघून गेलं,

"अवं साडू, नाचून काय राहिले! भांडं धरा खाली, लातूर जिल्ह्याचं पानी वाया चाललंय!"